‘कावीळ ब’च्या दोन फायली

मिरा-भाईंदरच्या बचत गटांकडून आम्ही बोलतो आहोत. आमचं शहर म्हटलं की लोकलची गर्दी आणि उंच इमारतीच डोळ्यांपुढे येतात. पण भाईंदर पश्चिमेहून राई, मुर्धा, मोर्वा ओलांडून उत्तनच्या बाजूला आलात, तर अजूनही वाळत घातलेले बोंबील दिसतील. आमची बैठकही तुमच्यासारखीच. सतरंजी, वही, हप्ता, आणि हप्ता न आणलेलीची कारणं.

आजचा विषय आमच्या वहीतूनच निघाला. आमच्याकडे अंतर्गत कर्ज मागताना कारण सांगावं लागतं. गटातल्या एका चोवीस वर्षांच्या पोरीनं पाच हजार मागितले. तिला आम्ही सगळ्या धाकटी म्हणतो. चौथा महिना चालू होता. कारण विचारलं तर रडायलाच लागली. गरोदरपणातल्या पहिल्या रक्ततपासणीत ‘एचबीएसएजी रिअॅक्टिव्ह’ असं आलं होतं. म्हणजे हिपॅटायटिस बी, आपण ज्याला कावीळ ब म्हणतो ती. सासूनं त्याच दिवशी तिचं ताट-पेला वेगळा काढला होता.

कोणी काही बोलेना. मग कोपऱ्यात बसलेल्या मावशी म्हणाल्या, “मला पण तेच आहे. सात वर्षं झाली.” या मावशी अठ्ठेचाळीसच्या. मासळी विकतात, गटाच्या मसाल्याच्या कामात सगळ्यांत पुढे. सात वर्षांत एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

पुढच्या बैठकीला दोघींनी आपापल्या फायली आणल्या. फायली कसल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्याच. आमच्यातली एक बारावी शिकलेली, तिनं वाचून दाखवलं. धाकटीच्या कागदावर ‘ई अँटिजेन पॉझिटिव्ह’ आणि रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, १७ कोटी. ऐकून सगळ्यांनी छातीला हात लावला. मावशींच्या जुन्या कागदावर ‘ई अँटिजेन निगेटिव्ह’. सगळ्या म्हणाल्या, सुटलात मावशी! आम्हीही म्हणालो. बी.ए. झालेल्या आम्ही, पण निगेटिव्ह म्हणजे चांगलं एवढंच आम्हालाही ठाऊक. मावशी तर सात वर्षं त्याच भरवशावर होत्या. तपासणी केली तिथे कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, निगेटिव्ह आहे, काळजी नको. त्यानंतर त्या कुठेच गेल्या नव्हत्या.

पुढे कळलं ते उलटंच. जिच्यासाठी आम्ही रडलो तिचं यकृत ठणठणीत होतं, आणि जिला ‘सुटलात’ म्हणालो तिचं यकृत आतून बरंच निबर झालं होतं. असं का, ते आज सांगायचं आहे.

आधी एक गोष्ट. कावीळ हा रोग नव्हे, ती खूण आहे. डोळे पिवळे, लघवी पिवळी. दूषित पाण्यातून होते ती हिपॅटायटिस ए आणि ई. ती बहुतेकांची आपोआप बरी होते. म्हणूनच गळ्यात माळ घालून, हाताला चुना लावून पिवळं पाणी काढून दाखवणाऱ्यांचं नाव होतं. बरं शरीर करतं, दक्षिणा त्याला मिळते. बी आणि सी मात्र रक्तातून लागतात. बी तर प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला आणि शरीरसंबंधातूनही लागते. आणि बीच्या जुन्या दुखण्यात वर्षानुवर्षं डोळे पिवळे होतच नाहीत. मावशींचे कधीच झाले नव्हते. सहा महिन्यांनंतरही रक्तात एचबीएसएजी सापडत राहिलं, तर ते दुखणं जुनाट धरतात. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणांचं शरीर विषाणूला हुसकून लावतं. पण जन्मताना लागण झाली, तर शंभरातल्या नव्वद बाळांत तो मुक्कामाला राहतो.

आता ते ‘ई’. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावलं, पण आमच्या डोक्यात बसलं ते चुलीवरून. एचबीएसएजी म्हणजे विषाणूचं बाहेरचं आवरण. ते सापडलं म्हणजे घरात चूल आहे. ई अँटिजेन हे विषाणू जोरात वाढत असताना रक्तात सोडतो, तो चुलीचा धूर समजा. धूर आहे म्हणजे चूल पेटलेली आहे, यात वाद नाही. पण धूर नाही याचे दोन अर्थ होतात. एक, चूल राखेखाली निजली आहे. दुसरा, घरात गॅसची शेगडी आली आहे. गॅसला धूर कुठे असतो? आच मात्र तेवढीच.

शेगडी कशी येते, तेही ऐका. या विषाणूचा सगळा संदेश जेमतेम ३२०० अक्षरांचा. त्यातलं १८९६ व्या जागेवरचं एक अक्षर बदललं, की ई अँटिजेन तयार होणं थांबतं. विषाणूची वाढ मात्र चालूच राहते. याखेरीज आणखीही काही बदलांनी ई कमी होतं. इटली, ग्रीस अशा भूमध्य समुद्राकाठच्या देशांत १९८० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं, की ई निगेटिव्ह असूनही काहींचं यकृत बिघडत चाललं आहे. हा बदललेला विषाणू आपल्याकडेही आहे. आपल्या भागात या विषाणूचा जो डी नावाचा वाण बराच आढळतो, त्यात हा बदल सहज होतो.

आता दोघींचे कागद शेजारी ठेवून बघू. धाकटीचं वय चोवीस. व्हायरल लोड कोटींत. पण एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारा घटक, अगदी बेताचा. याचा अर्थ विषाणू भरपूर, पण शरीरानं अजून त्याच्याशी भांडण काढलेलं नाही. यकृताचं नुकसान विषाणू स्वतः फारसं करत नाही, ते होतं आपल्या शरीरानं केलेल्या हल्ल्यात. हे ऐकून आम्हाला नवल वाटलं होतं. ई पॉझिटिव्ह माणसं बहुधा तरुण असतात, आणि त्यातल्या पुष्कळांची पुढे कधीतरी झोप उडते, एसजीपीटी वाढतो, मग औषधाची गरज लागते. काहींचं भांडण लवकर मिटतं आणि ई निगेटिव्ह होऊन विषाणू खरोखरच शांत होतो. म्हणजे ई निगेटिव्ह होणं ही चांगली बातमी असूही शकते. इथेच तर गफलत होते.

मावशींचं वय अठ्ठेचाळीस. ई निगेटिव्ह. व्हायरल लोड कोटींत नाही, दीड लाखाच्या आसपास. एसजीपीटीचे तीन कागद होते, एकावर ३८, दुसऱ्यावर ९६, तिसऱ्यावर परत ४१. या प्रकारात हेच होतं. आच वर-खाली होत राहते. ज्या दिवशी कमी असेल त्या दिवशी रक्त दिलं, तर कागद चांगला येतो आणि माणूस निश्चिंत होतो. म्हणून ई निगेटिव्ह माणसाला एका कागदावर ‘शांत’ म्हणता येत नाही. वर्षभरात तीन-चार वेळा तपासून एसजीपीटी दर वेळी बेताचा आणि व्हायरल लोड २००० च्या खाली राहिला, तर शांत म्हणायचं. मावशींना लक्षणं काय होती? थकवा. आणि पहाटे साडेतीनला उठून मासळी आणायला जाणाऱ्या बाईला थकवा आला, तर त्याला रोग कोण म्हणणार?

डॉक्टरांनी मावशींना यकृताचा तुकडा काढून तपासायला सांगितलं. बायोप्सी. हल्ली बऱ्याच जणांचं फायब्रोस्कॅनवर भागतं. त्यात सोनोग्राफीसारखं यंत्र बरगडीवर टेकवून यकृत किती कडक झालं ते मोजतात, टोचणं नाही. पण मावशींच्या बाबतीत कागदांचा मेळ बसत नव्हता. मावशी घाबरल्या. “काळजाला सुई लावणार!” म्हणाल्या. आम्ही दोघी सोबत गेलो. उजवीकडच्या बरगड्यांमधली जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघत सुई घालतात आणि दोऱ्याएवढा बारीक, नखाएवढ्या लांबीचा तुकडा काढतात. काम काही मिनिटांचं. पुढे काही तास हलायचं नाही, कारण रक्तस्राव होत नाही ना, ते बघावं लागतं. मावशींना त्या न हलण्याचाच जास्त त्रास झाला.

त्या तुकड्यात काय दिसतं? तुम्ही भातशेतीवाल्या असाल तर लगेच समजेल. सूक्ष्मदर्शकाखाली यकृत म्हणजे खाचरं. मधे पेशींचं पीक, कडेला रक्ताच्या आणि पित्ताच्या नळ्यांचे पाट, आणि त्यांच्या बाजूनं बांध. जुनाट कावीळ ब असली तर काही पेशी दुधी काचेसारख्या धूसर दिसतात, कारण त्या विषाणूच्या आवरणानं गच्च भरलेल्या असतात. या पेशी दोन्ही प्रकारांत दिसू शकतात. फरक पुढे आहे. धाकटीसारख्या शांत ई पॉझिटिव्हमध्ये पेशींत विषाणू पुष्कळ, पण सूज अगदी थोडी, बांध शाबूत. ई पॉझिटिव्हमध्ये भांडण सुरू झालं, की पाटाजवळ शरीराच्या लढणाऱ्या पेशींची गर्दी होते. ती गर्दी बांध फोडून पिकात शिरली आणि कडेच्या पेशी मरू लागल्या, की तो जागता रोग. मावशींसारख्या जागत्या ई निगेटिव्हमध्येही हेच दिसतं. पण तिथे भांडण बहुधा कित्येक वर्षं धुमसलेलं असतं, त्यामुळे व्रणाचे तंतू जास्त साठलेले सापडतात. खास रंग लावला की हे तंतू निळे दिसतात. बांध जाड होत जातात, एक बांध दुसऱ्याला जाऊन मिळतो, शेवटी खाचराचे लहान लहान तुकडे पडतात. त्याला सिरॉसिस म्हणतात. मटणवाल्याकडची कलेजी कशी गुळगुळीत असते? तीच सीताफळाच्या सालीसारखी गाठाळ झाली असं समजा.

सूज किती आणि व्रण किती, हे अहवालात वेगवेगळं लिहितात. व्रणाचे शून्य ते चार असे टप्पे धरतात, चार म्हणजे सिरॉसिस. मावशींचा टप्पा तीन होता. एक पायरी उरलेली. तरी एक सांगून ठेवतो, ई बघून यकृताच्या आतलं सांगता येत नाही. ई पॉझिटिव्हमध्येही सिरॉसिस झालेली माणसं असतात, आणि ई निगेटिव्हमध्ये आयुष्यभर शांत राहिलेली त्याहून कितीतरी जास्त. म्हणून ई, व्हायरल लोड, एसजीपीटी आणि यकृताचा कडकपणा, हे चारही एकत्र वाचायचे असतात. आमच्या वहीत आम्ही आता हे चार रकाने आखले आहेत.

मावशींना टेनोफोविर सुरू झालं. रोज एक गोळी. ही गोळी विषाणूला मारून टाकत नाही, त्याची वाढ रोखते. वाढ थांबली की सूज उतरते आणि पुढच्या वर्षांत व्रणही थोडे विरघळू शकतात. गोळी चालू असताना मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून करावी लागते. आणि ती मनानं थांबवायची नाही, कारण अचानक थांबवली तर विषाणू उसळून यकृत एकदम बिघडू शकतं.

धाकटीचं वेगळं. तिच्या यकृताला तेव्हा औषधाची गरज नव्हती, पोटातल्या बाळासाठी होती. आई ई पॉझिटिव्ह असेल आणि बाळाला लस वगैरे काहीच दिलं नाही, तर शंभरातल्या ७० ते ९० बाळांना लागण होते. आई ई निगेटिव्ह असेल तर हा धोका बराच कमी, पण असतोच. व्हायरल लोड दोन लाखांच्या वर असेल तर गरोदरपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून आईला टेनोफोविर देतात. धाकटीला दिलं. बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस, आणि दुसऱ्या मांडीत तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन, इम्युनोग्लोब्युलिन. ते मिळेल की नाही हे आयत्या वेळी शोधायचं नसतं, म्हणून आम्ही सातव्या महिन्यातच विचारून ठेवलं होतं. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून हीच लस. अंगावर पाजायला हरकत नाही, हे सासूबाईंना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवलं. आमचं ऐकल्या नसत्या.

बाळंतपणानंतर डॉक्टरांनी धाकटीची गोळी थांबवली, फायब्रोस्कॅन केला, यकृत मऊ निघालं. दर तीन महिन्यांनी एसजीपीटी बघायचा ठरलं. आणि इथे आमच्या हातून एक सुटलं. धाकटीची गोळी बंद झाली असं बैठकीत आम्ही आनंदानं सांगितलं, आणि मावशींनी ऐकून स्वतःचीही बंद केली. तीन आठवड्यांनी डबी भरलेली दिसली तेव्हा कळलं. थोडक्यात निभावलं. एकीची गोळी का थांबली आणि दुसरीची का चालू ठेवायची, हे तेव्हाच बोलायला हवं होतं.

पैशांचंही सांगतो. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात बी आणि सीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. आम्हाला हे उशिरा कळलं. धाकटीच्या पाच हजारांतले बरेचसे खाजगी तपासण्यांत गेल्यावर. तुम्ही आधी जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारा. आशाताईंना विचारलं तरी कुठे जायचं ते सांगतील. २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन. हा विषाणू ज्यांनी शोधला त्या बारूक ब्लमबर्ग यांचा तो जन्मदिवस. १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं.

मावशींना कुठून लागलं? त्यांनीच किती वेळा विचारलं. जत्रेतलं गोंदण, लहानपणची इंजेक्शनं, की आईकडूनच, सांगता येत नाही. अमिताभ बच्चन यांना १९८२ मध्ये ‘कुली’च्या अपघातानंतर जे रक्त चढवलं त्यातून हा विषाणू आला, आणि यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाल्यावर, कितीतरी वर्षांनी त्यांना कळलं. हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. गुजरातमध्ये मोडासा इथे २००९ साली एकच सुई पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे साथ आली आणि कित्येक माणसं दगावली. सुई नवी फोडली का, हे विचारायला लाजू नका. हा विषाणू शरीराबाहेर सात दिवसही टिकतो, म्हणून ब्लेड, वस्तरा, दात घासायचा ब्रश दुसऱ्याचा वापरू नये.

ताटानं, पाण्यानं, मिठी मारल्यानं मात्र तो लागत नाही. हे आम्हाला माहीत होतं, तरीही आम्ही चुकलो. मावशींचं कळल्यावर गटातल्या दोघी म्हणाल्या, त्यांनी मसाल्यात हात घालू नये, गिऱ्हाइकांना समजलं तर? आणि आम्ही, भांडण नको म्हणून, मावशींना म्हणालो, काही दिवस नुसतं पॅकिंग बघा. मावशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. आम्ही घरी गेलो तर म्हणाल्या, “सात वर्षं गप्प का होते, कळलं ना आता?” आम्ही माफी मागितली. मग डॉक्टरबाईंनाच गटात बोलावलं. त्यांनी सगळ्यांसमोर मावशींच्या हातचा चहा घेतला आणि मग बोलायला सुरुवात केली. त्या दोघींपैकी एक अजूनही थोडी लांबच बसते. होईल हळूहळू.

दोघींच्या घरच्या सगळ्यांची तपासणी झाली. मावशींचा थोरला मुलगा, वय अठ्ठावीस, त्यालाही निघालं. ई निगेटिव्ह. तो म्हणाला, मग काही नाही ना? मावशींनीच त्याला सुनावलं, “धूर नाही म्हणून चूल विझली समजू नकोस. एसजीपीटी किती, लोड किती, ते दाखव.” बाकीच्यांना लस दिली. मोठ्या माणसांना ती तीन वेळा घ्यावी लागते, पहिली, मग एका महिन्यानं, मग सहाव्या महिन्यात. तिसरी बरेच जण विसरतात, म्हणून त्या तारखा आम्ही हप्त्याच्याच वहीत लिहिल्या आहेत.

मावशींची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी असते, कारण या विषाणूमुळे यकृताचा कर्करोगही होऊ शकतो आणि लवकर सापडला तर उपाय असतो. मागची चांगली आली. एसजीपीटी आता २९ आहे, आणि व्हायरल लोड सापडण्याइतकाही उरलेला नाही. धाकटीचं बाळ पुढच्या महिन्यात नऊ महिन्यांचं होईल. मग त्याचं रक्त तपासायचं आहे, विषाणू आला नाही ना आणि लसीचं बळ तयार झालं ना, हे दोन्ही बघायला. सोबत मावशी जाणार आहेत. धाकटीच्या कर्जाचे तीन हप्ते बाकी आहेत.